करंजाडेची दहा पावलं

करंजाडेतल्या एका मैदानाची दहा पावलं रुंदी तिथल्या निवासी संघाचे सेक्रेटरी कर्णिक साहेब यांनी माझ्याकडून काढून घेतली. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. सुकटीबरोबर तीन भाकऱ्या खाता खाता काढून घेतली, आणि कागदावर सही माझी आहे. फसवणारे ते, फसलेला मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण गावात या गोष्टीचे चार प्रकार फिरतायत आणि त्यातल्या एकात मी दारू प्यालेलो आहे.

मी दारू पीत नाही. मी गव्हाणचा. रेती, खडी, विटा पुरवतो. वडील मिठागरावर राबले. आमच्याकडे जमिनींची मोजणी सुरू झाली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि मोजणीवाल्यांच्या साखळीचं टोक धरायला जायचो. तेव्हा जी सवय लागली ती लागली. मोकळी जागा दिसली की मी ती पावलांनी मोजतो. माझं पाऊल अडीच फुटांचं, कमी नाही, जास्त नाही. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा सासऱ्यांची ओटी मोजली होती, हे बायको अजून लोकांना सांगते. खरं आहे. त्यांनी सांगितली होती त्यापेक्षा दोन पावलं कमी भरली. तरी मी होकार दिला.

तर प्रवास. गव्हाणची माणसं दुबईला जाऊन आली, सिंगापूरला जाऊन आली, पण करंजाडेत चार दिवस मुक्काम करून आलेलं कोणी नाही. दुचाकीवर अर्ध्या तासाचा रस्ता, मध्ये ट्रेलर आडवा झाला तर अर्ध्या दिवसाचा. आमच्या फुटबॉल टीमचे सामने होते सकाळी सातला, आणि ट्रेलरवाल्यांना काही सात वाजलेले कळत नाहीत. म्हणून मुक्काम.

टीमला मैदान नाही. होतं, तिथे आता गोडाऊन आहे. पोरं बंद पडलेल्या मिठागरात खेळतात. करंजाडेच्या स्पर्धेचं बक्षीस असं, की जिंकेल त्या टीमला तिथलं मैदान वर्षभर दर रविवारी सकाळी वापरायला मिळणार. खरं गवत, खरे गोलपोस्ट. आम्हाला कप नको होता, मैदान पाहिजे होतं.

गुरुवार

ज्या बिल्डरला मी खडी घालतो त्याने एका टॉवरमधले सहाव्या मजल्यावरचे दोन रिकामे फ्लॅट दिले. टेम्पोत सोळा खेळाडू, शेगडी, तांदळाच्या पिठाचा डबा, सुकट, सुके बोंबील, आणि स्वयंपाकाला माझी थोरली बहीण आक्का. गेटवर वॉचमनने अडवलं.

“किसके यहाँ जाना है?”

“आमच्याच फ्लॅटमंदी जायचाय,” आक्का टेम्पोतून म्हणाली.

“ओनर का कॉल चाहिए.”

“ओनरला कशाला तरास? आमी काय चोर हाय? चोर पीठ घेऊन येतो का?”

वॉचमनने डब्याचं झाकण उघडून पीठ बघितलं, पण गेट उघडेना. शेवटी बिल्डरचा फोन आला तेव्हा वीस मिनिटं गेली होती. गव्हाणला पाहुणा दारात आला की आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. इथे आधी नाव, मग फोन, मग फोटो. पाणी कोणी विचारलंच नाही.

सामान वर चढवून मी मैदानावर गेलो आणि मोजलं. रुंदी ऐंशी पावलं. पश्चिमेला भिंत, भिंतीच्या अलीकडे दोन पावलांवर चुन्याची रेघ. समाधान वाटलं. मोठ्या मनाने आखलेलं मैदान होतं.

पहिला सामना तेवढा त्याच संध्याकाळी होता, आणि त्यात माझा आणि आमच्या कोचचा वाद झाला. शकील सर पनवेलच्या एका शाळेत पी.टी. शिकवतात. अंगाने काडी, आवाज मऊ. गावाचा विरोध पत्करून मीच त्यांना आणलं, आणि तेव्हापासून मलाच त्यांचा खेळ सोसत नाही. आमचा गोलकीपर जयेश. बॉल हातात आला की पूर्वी तो अशी लाथ घालायचा की बॉल दुसऱ्या टोकाला. सगळा गाव टाळ्या वाजवायचा. शकील सरांनी ते बंद केलं. आता जयेश बॉल खाली ठेवतो, त्यावर पाय ठेवतो आणि उभा राहतो. समोरून दोन-तीन दांडगे अंगावर धावून येतात, आणि हा बघत बसतो. अगदी नाकाशी आले की बाजूच्या बॅकला हळूच पास. बॅक रेघेजवळ मोकळा असतो, तो पुढे. पुढचा मधल्याला. असा बॉल न उडवता, जमिनीवरून, आपल्याच गोलपासून बांधत न्यायचा. समोरचे धावून येतात त्याला सर प्रेस म्हणतात. मी त्याला वेगळं काही म्हणत होतो, ते इथे लिहीत नाही.

“मार रे, मार लांब! जयेश, तुझ्या आयला!” मी ओरडलो. जयेशची आई मिठागरावर माझ्या आईच्या बाजूला काम करायची, म्हणून हे चालतं.

शकील सर माझ्याजवळ आले. “शेठ, लांब मारला तर बॉल कोणाचा?”

“नशिबाचा.”

“बरोबर. आणि आता कोणाचा आहे?”

“आता माझ्या छातीत कळ येतेय, सर.”

“शेठ, एक सांगा. तुम्ही खडीचा भाव ठरवायला बसता, तेव्हा पहिला आकडा कोण बोलतो?”

“ज्याला घाई हाय तो.”

“बस. जयेशला घाई नाही. समोरच्यांना आहे. त्यांना येऊ द्या. जितके पुढे येतील तितकी जागा त्यांच्या मागे मोकळी.”

हे मला आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं. वडील मिठागरात हेच करायचे. समुद्राचं पाणी आणायला कोणी समुद्रावर धावत नाही. भरतीच्या वेळी बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडून ठेवायची, पाणी आपणहून आत येतं, मग मागून बंद करायची. आणि जयेशही असल्या कामाचाच माणूस. कंटेनर यार्डात क्रेनवर बसतो. दिवसभर कंटेनरवर कंटेनर ठेवायचा, खाली माणसं बोंबलत असतात, हा दांडा एक बोट हलवतो.

आम्ही दोन गोलने जिंकलो. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, ऑपरेशनमधून बाहेर आल्यासारखं वाटलं.

शुक्रवार

सेमीफायनल सकाळी. गावाहून टेम्पो भरून चाळीस माणसं आली, अर्ध्या बायका. तेव्हा मी बघितलं की पूर्वेच्या बाजूला करंजाडेवाल्यांसाठी मांडव, खुर्च्या, थंड पाण्याचे जार. पश्चिमेला भिंतीला पाठ लावून आमच्या बायका उन्हात उभ्या, डोक्यावर पदर. माझं डोकं तिथेच फिरलं. सामना आम्ही एक गोलने जिंकलो, तो कसा, ते मला आठवत नाही. मी खुर्च्या मोजत होतो.

दुपारी आक्काने सुकट परतायला घेतली. खिडक्या बंद होत्या, कारण खिडकीत कबुतरांची जाळी होती आणि जाळी कशी उघडते ते कोणाला माहीत नव्हतं. सगळा वास दारातून बाहेर. पाच मिनिटांत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई नाकाला रुमाल लावून आल्या.

“अहो, कसला तरी वास येतोय.”

“येनारच,” आक्का म्हणाली. “सुकट हाय. तुमचा परफूम आमाला कालपासून येतंय, आमी काय बोललो?”

बाई गेल्या आणि त्यांनी फोन लावला. अर्ध्या तासाने कर्णिक साहेब दारात. साठीचे, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा हाफ शर्ट, बगलेत प्लास्टिकची फाइल. निवासी संघाचे सेक्रेटरी आणि स्पर्धेचे आयोजक, दोन्ही तेच. कर्णिक आडनावाचा, म्हणजे मासळीवर वाढलेला माणूस सुकटीच्या वासाची तक्रार घेऊन येतो, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

“नमस्कार. ॲक्च्युअली, एक छोटीशी तक्रार आलीय...” असं म्हणत ते आत आले, आणि त्यांची नजर तव्यावर गेली ती तिथेच राहिली. “कोकम घातलंय का?”

“कैरी हाय,” आक्का म्हणाली. “बसा. ताट वाढू?”

“नाही नाही. अगदी थोडं.”

थोडं म्हणजे तीन भाकऱ्या. तक्रार फाइलमध्येच राहिली. मी विचार केला, आपल्या ताटावर बसलेला माणूस, तोंडात घास, आता हा नाही कसा म्हणेल? लोखंड तापलेलं होतं. मी सुरू झालो.

“साहेब, आमच्या बायका उन्हात आणि तुमच्या खुर्चीत, हा कुठला न्याय?”

“अगदी खरं आहे. वाईट वाटलं मला.”

“रविवारी फायनल. चाळीस खुर्च्या पाहिजेत.”

“हरकत नाही.”

“वर मांडव.”

“हरकत नाही. उन्हाचे दिवस आहेत.”

मला वाटलं होतं वीस खुर्च्यांवर तुटेल. तो माणूस वाद घालेना तशी मला आणखी धग चढली. “दोन पंखे पाहिजेत! उभे! मोठे!”

“दोन कशाला, तीन लावू. सुकट जरा...” आक्काने वाढली. “फक्त काय आहे शेठ, आमच्याकडे सगळं लेखी लागतं. एक छोटंसं लेटर करू या? जस्ट फॉर्मॅलिटी.”

त्यांनी डाव्या हाताने फाइल उघडली, कोरा कागद काढला, आणि शेजारी बसलेल्या जयेशला मजकूर सांगितला. जयेशचं अक्षर चांगलं आहे, हेही त्यांनी आल्या आल्या विचारून घेतलं होतं. गव्हाण ग्रामस्थांच्या विनंतीवरून पश्चिमेला चाळीस खुर्च्या, मांडव, तीन पंखे. त्यासाठी मैदानाची पश्चिमेकडची दहा पावलांची पट्टी खेळातून वगळण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. खाली मी सही केली.

ती ओळ मी वाचली नाही असं गावात बोललं जातं. मी वाचली. खुर्च्या ठेवायच्या तर जागा लागणारच, एवढंच मनात आलं. पुढे मनात तीन पंखे होते. कागदावर तारीख नव्हती, किती दिवसांसाठी ते नव्हतं. विटांच्या चलनावर तारीख नसली तर मी भरलेला ट्रक परत पाठवतो. हा मी.

कर्णिक साहेब ताटाला नमस्कार करून गेले. शकील सर शेजारच्या खोलीत नमाज पढत होते, ते बाहेर आले तेव्हा मी त्यांना विजयाची बातमी दिली.

“एवढ्या लवकर हो म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“माझ्यासमोर कोण टिकतं, सर?”

ते नमाजाची चटई गुंडाळायला परत आत गेले. मला ते तेव्हा अपमानासारखं वाटलं.

शनिवार

सामना नव्हता. आक्काला करंजाडे दाखवलं. सकाळी इथे सगळे चालायला निघतात, बूट घालून, हात हलवत. आक्काने एका गृहस्थांना थांबवून विचारलं, “दादा, कुठं चाललात?” ते म्हणाले, “कुठे नाही, वॉक.” आक्का त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाला, शेती नसली तं मानसाचे पाय काय करतील बिचारे.”

समोरच्या बाई संध्याकाळी दार वाजवून आल्या. कैरीची सुकट कशी करतात ते विचारायला. कर्णिकांनी त्यांच्याकडे जाऊन वर्णन केलं होतं. आक्काने सांगितली, पण कैरी कधी घालायची ते मुद्दाम सांगितलं नाही. आमच्या घरात सौदा करता येणारी ती एकटीच, हे मला आता कळतंय.

रविवार

फायनल करंजाडेच्याच टीमशी. ऑफिसात बसणारी पोरं असतील म्हणून मी हसत होतो. ती पोरं पहाटे पाचला उठून जिममध्ये जाणारी निघाली. धावतात, आणि थांबतच नाहीत.

मांडव झकास होता. लाल खुर्च्या, तीन पंखे. आमच्या बायका पंख्याखाली बसल्या, आणि मी छाती काढून मैदानात उतरलो आणि सवयीने मोजायला लागलो. सत्तर. परत मोजलं. सत्तर. खुर्च्यांच्या पुढे चुन्याची नवी रेघ होती. जुनी रेघ अजून दिसत होती, आक्काच्या दोन पायांच्या मधून.

दहा पावलं म्हणजे काय, ते पहिल्या वीस मिनिटांत समजलं. जयेश बॉलवर पाय ठेवून उभा, तीन जण धावून आले, त्याने डावीकडे रोशनला पास दिला. एरवी रोशन रेघेकडे पळत मोकळा व्हायचा. आता दोन पावलांत रेघ संपली. पहिल्यांदा बॉल बाहेर. दुसऱ्यांदा बॉल बाहेर. तिसऱ्यांदा रोशन स्वतः बाहेर, थेट आक्काच्या शेजारच्या खुर्चीत.

“आलास तं बस,” आक्का म्हणाली. “पंखा चांगला हाय.”

तो उठेपर्यंत त्यांनी बॉल आत फेकून गोल केला होता.

मध्यंतरात मी कर्णिक साहेबांकडे गेलो. गेलो म्हणजे धावून गेलो. “साहेब, गुरुवारी ऐंशी होती. आज सत्तर हाय. दहा पावलं कुठं गेली?”

त्यांनी शांतपणे फाइल उघडली. “शेठ, ही आपलीच सही ना?”

“मी खुर्च्या मागितल्या होत्या, मैदान द्यायला आलो नव्हतो!”

“पण खुर्च्या कशावर ठेवणार?”

रेफ्रीनेही कागद वाचला आणि म्हणाला, रेघ आहे तिथेच राहील. मी टीम मैदानाबाहेर काढायला निघालो. पोरांचे चेहरे पडले. जयेश तेवढा म्हणाला, “काका, मग परत मिठागरात का?”

शकील सरांनी माझा दंड धरला. पहिल्यांदाच. “शेठ, रुंदी गेली ना? गेली. आता जरा लांबी मोजा. त्यांचे तीन पुढे आले, त्यांना साथ द्यायला मागचे तीन पुढे आले. त्यांच्या पाठी गोलपर्यंत किती पावलं?”

मी नजरेने मोजली. पन्नासच्या वर होती. लांबीवर कोणी माझी सही घेतली नव्हती.

“रोशनला मध्ये आणतो,” सर म्हणाले. “जयेश थांबेल, आधीपेक्षा जास्त थांबेल. आणि तुमच्याकडे एकच मागणं आहे. ओरडू नका. तुमचा आवाज आला की त्या पोराचा पाय आपोआप उठतो.”

हे मात्र मोठं काम होतं. आक्काने डब्यातून भाकरी काढली. “बाला, तोंडात घाल. आन चावत ऱ्हा.”

दुसरा डाव मी कोरड्या भाकरीवर काढला. जयेश बॉलवर पाय ठेवून उभा. तीन जण धावले. पूर्वेचा मांडव ओरडत होता, पश्चिमेचा मांडव ओरडत होता, माझ्या कपाळाची शीर उडत होती. दहा पावलांवर आले. जयेश उभा. पाच पावलांवर. उभा. त्यांचे मागचेही न राहवून पुढे सरकले. तेव्हा जयेशने पाय एक बोट हलवला. बॉल दोघांच्या मधून रोशनला, रोशनकडून एका टप्प्यात पुढे, आणि आमच्या फॉरवर्डसमोर पन्नास पावलं मोकळं गवत. गोल. मी भाकरी गिळली तेव्हा ती चावलेली नव्हती.

शेवटच्या पाच मिनिटांत तसाच दुसरा. तोच सापळा, तीच पोरं, परत आली. मला त्यांची कीव आली. कळत होतं तरी धावत होती.

मैदान आम्ही जिंकलं. कर्णिक साहेबांनी कप दिला, हसून हात मिळवला, आणि कानात म्हणाले, “सुकटीची आठवण राहील.” जाताना वॉचमनने स्वतः गेट उघडलं आणि आक्काला पाणी विचारलं. तिने आधी त्याचं नाव विचारलं, मग प्यायली.

पुढचा रविवार

आमची पहिली हक्काची सकाळ. सगळी टीम सात वाजता हजर. मांडव निघालेला होता, खुर्च्या गेलेल्या होत्या. त्या जागी, नव्या रेघेच्या पलीकडे, भिंतीपर्यंत, बावीस मोटारी उभ्या होत्या. जमिनीवर प्रत्येक गाडीचा पांढऱ्या रंगाचा चौकोन आखलेला, चौकोनात फ्लॅटचा नंबर. भिंतीवर पाटी: गव्हाण ग्रामस्थांच्या विनंतीवरून ही पट्टी खेळातून वगळण्यात आली आहे.

तिथेच एक गृहस्थ गाडी पुसत होते. त्यांनी सांगितलं की पार्किंगसाठी ती पट्टी मिळावी म्हणून संघाची बरीच वर्षं खटपट चालली होती, पण खेळणाऱ्यांचा लेखी होकार मिळत नव्हता. “तो कोणीतरी गावाकडच्या शेठने दिला म्हणतात. भला माणूस.”

मी तिथेच रेघेवर बसलो. डोळ्यांसमोर कर्णिक साहेब आले, पाटावर मांडी घालून बसलेले, एका हातात भाकरी. हरकत नाही. हरकत नाही. दोन कशाला, तीन लावू. बॉलवर पाय ठेवून तो माणूस उभा होता, आणि मी चाळीस खुर्च्या, मांडव, पंखे करत त्याच्या अंगावर धावत होतो. माझ्या पाठी दहा पावलं उघडी पडली होती.

आता टीमची अडचण अशी, की संघाने नोटीस लावली आहे: बॉल गाडीला लागल्यास मैदानाची परवानगी रद्द. म्हणून जयेश डावीकडे पासच देत नाही. रोशन डावा बॅक आहे, तो तासभर गाड्यांकडे पाठ करून उभा असतो. ज्यासाठी चार दिवस जीव टांगून राहिलो ते मैदान असं एका पायावर वापरतोय.

म्हणून हे सगळं लिहिलं. गव्हाणच्या लोकांनी मला हसावं, माझी हरकत नाही. हा शब्द मी आता जपून वापरतो. पण कर्णिक साहेब, तुम्ही उत्तर द्यायचं आहे. खुर्च्या एका सकाळच्या होत्या, मग पट्टी कायमची कशी झाली? आमच्या गावाचं नाव तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर कोणाला विचारून लावलं? ती दहा पावलं आमच्या पोरांना परत कधी देणार? मी दर रविवारी सातला तिथे असतो, मोजत असतो. उत्तर लेखी पाहिजे. त्यावर तारीख पाहिजे. आणि या वेळी खाली सही तुमची.